उलटीचं इंजेक्शन आणि वाकडी झालेली मान

आषाढातला पाऊस होता. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या लहानशा सरकारी दवाखान्यात दिवसभर जुलाब-उलट्यांचेच पेशंट. संध्याकाळी सातच्या सुमारास एक क्रूझर दारात लागली आणि चौघांनी मिळून एका सतरा वर्षांच्या मुलीला आत आणलं. मान उजवीकडे पार खांद्यापर्यंत वळलेली, डोळे वर छताकडे खिळलेले, जबडा एका बाजूला सरकलेला आणि जीभ बाहेर. कपाळभर भंडारा. बरोबरची आत्या म्हणत होती, "डॉक्टर, सकाळपर्यंत धड होती. दुपारपासनं मान वाकडी होऊलीय. मधे पाच मिनिटं सरळ होती, परत तसंच."

हे मधेच सरळ होणं फार महत्त्वाचं आहे, आणि घोळही त्यानेच होतो. घरच्यांनी आधी देवळात नेलं, भंडारा लावला, मुलगी पाच मिनिटं शांत झाली. साहजिकच त्यांना वाटलं की उपाय लागू पडला. औषधाने येणारा हा स्नायूंचा पीळ, म्हणजे डिस्टोनिया, मुळातच चढ-उतार करणारा असतो. जवळच्या माणसाने हात धरला, धीर दिला की थोडा सैल पडतो आणि झोपेत बहुधा जातो. याच कारणाने काही डॉक्टरही 'नाटक करते आहे', 'मानसिक आहे' असा शेरा मारून मोकळे होतात. तो शेरा अंगाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण मग पुढचा डॉक्टर शोधच घेत नाही.

ती शुद्धीत आहे का, हे आधी पाहिलं. बोलता येत नव्हतं, म्हणून तिचा हात हातात घेऊन सांगितलं, 'हो' असेल तर एकदा दाब, 'नाही' असेल तर दोनदा. सगळी उत्तरं बरोबर आली. संपूर्ण शरीराला येणाऱ्या फिटमध्ये माणूस असा संवाद करू शकत नाही. ताप नव्हता, मान हाताने हळूच पुढे वाकवता येत होती, म्हणजे मेंदूज्वराची शक्यता मागे पडली. धनुर्वाताचा विचार करावाच लागतो. पण जखम नव्हती, शाळेत सोळाव्या वर्षीचं टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लशीचं, इंजेक्शन झालेलं होतं, आणि धनुर्वातात दोन झटक्यांच्या मधेही स्नायू ताठच राहतात. हिचे मधल्या वेळात मऊ पडत होते. कॅल्शियम कमी झाल्यानेही हातपाय वळतात, म्हणून बीपीचा पट्टा दंडावर फुगवून तीन मिनिटं ठेवला. बोटं वळली नाहीत. साखर ११२, ऑक्सिजन ९७. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येतो का, हे मुद्दाम कान लावून ऐकलं. हाच पीळ स्वरयंत्राच्या स्नायूंना आला तर श्वासाची वाट बंद होऊ शकते. मान वाकडी होण्याने कोणी दगावत नाही, पण स्वरयंत्र आवळलं तर जीव जाऊ शकतो.

मग नेहमीचा प्रश्न विचारला. गेल्या दोन दिवसांत कोणतं औषध घेतलं?

वडील म्हणाले, "सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे उलटीचं इंजेक्शन दिलं होतं की." नाव? ते कोणालाच माहीत नव्हतं. खिशात गोळ्यांची पट्टी मात्र होती. तिच्या मागे बारीक अक्षरात मेटोक्लोप्रामाइड १० मिलिग्रॅम असं छापलेलं. दहातल्या दोन गेलेल्या. आमच्या सिस्टर बैलहोंगलच्या. त्यांनी इंजेक्शन दिलेल्या दोन्ही ठिकाणी फोन लावून कन्नडमध्ये विचारलं. दोन्हीकडे तेच औषध, प्रत्येकी एक अँप्यूल (इंजेक्शनची काचेची कुपी), शिरेतून. सकाळच्या डॉक्टरांचं दुपारच्या डॉक्टरांना माहीत नव्हतं.

आता हिशोब बघा. अँप्यूल २ मिलिलिटरची, त्यात १० मिलिग्रॅम. दोन इंजेक्शनं आणि दोन गोळ्या मिळून ४० मिलिग्रॅम. मुलीचं वजन ३८ किलो. दिवसाला किलोमागे अर्धा मिलिग्रॅम ही मर्यादा धरली तर हिची मर्यादा १९ मिलिग्रॅम. दुपटीपेक्षा जास्त गेलं होतं. त्यात जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालेलं, आणि या औषधाचा बराच भाग मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. पाणी कमी म्हणजे निचरा कमी. वयही नेमकं धोक्याचं. हा पीळ लहान मुलं आणि विशीच्या आतबाहेरच्या मुलामुलींत जास्त दिसतो, मुलींत विशेष. मात्र एवढा मोठा डोस लागतोच असं नाही. नेमून दिलेल्या डोसनेही हे होतं, बहुधा पहिल्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत.

उलटीच्या औषधाने मान का वळावी, हे समजायला औषध कुठे पोहोचतं ते पाहावं लागतं. इतर अवयवांतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीत फटी असतात, त्यातून रक्तातले पदार्थ सहज आत-बाहेर करतात. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी मात्र एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या चिकटलेल्या. १८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला तेव्हा सगळे अवयव रंगले आणि मेंदू कोराच राहिला. त्यांना वाटलं, मेंदूला हा रंग धरतच नाही. त्यांचे सहकारी एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये तसाच रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. या वेळी मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे रंग धरत होता, मधे भिंत होती. ती भिंत केशवाहिन्यांच्या पेशींच्या सांध्यातच आहे, हे १९६७ मध्ये रीझ आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवलं.

आपल्याकडच्या माणसाला मी हे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेजवळच्या कोगनोळीच्या नाक्यावरून सांगतो. हायवेवर गाडी अडवतात, पण पाणंदीची वाट माहीत असलेला माणूस शेतातून पार होतो. मेंदूच्या नाक्यावर पाणंद म्हणजे पेशींचा स्निग्ध पडदा. रेणू लहान असेल, साधारण ४०० ते ५०० डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) आत, चरबीत विरघळणारा असेल आणि अंगावर विद्युतभार नसेल, तर तो पडद्यातूनच पलीकडे जातो. निपाणीच्या तंबाखूतलं निकोटिन १६२ डाल्टनचं. बिडीचा झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत ते मेंदूत पोहोचतं. मेटोक्लोप्रामाइड ३०० डाल्टनचं, तेही पार होतं.

आणि उलटीचं केंद्र? त्याचा एक महत्त्वाचा भाग, एरिया पोस्ट्रेमा, मेंदूच्या चौथ्या पोकळीच्या तळाशी आहे, आणि तिथे ही भिंत जवळजवळ नाहीच. रक्तात विष आलंय का हे चाखायचं काम त्याचं, भिंतीआड बसून ते करता येत नाही. ते नाक्याच्या अलीकडचं गाव. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांनी निरोप धाडतात; डोपामिन हे त्यातलं एक, आणि ते पेशीवर जिथे बसतं ती जागा म्हणजे रिसेप्टर. एरिया पोस्ट्रेमातल्या डोपामिनच्या डी-२ रिसेप्टरवर मेटोक्लोप्रामाइड बसतं आणि उलटी थांबते. म्हणजे या कामासाठी औषधाला नाका ओलांडायची गरजच नव्हती. पण ते ओलांडतं, आणि पुढे बेसल गँग्लियातही, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागातही, तेच डी-२ रिसेप्टर अडवून बसतं. तिथे हालचालींचा तोल डोपामिन आणि अ‍ॅसिटिलकोलीन या दोन निरोप्यांवर असतो. एकाला अडवलं की दुसऱ्याचं पारडं जड होतं आणि मान, जबडा, डोळ्यांचे स्नायू आवळले जातात.

उपाय यातूनच निघतो. अ‍ॅसिटिलकोलीनला अडवायचं, पण औषध असं हवं की तेही नाका ओलांडून आत जाईल. इथे आमच्याकडे एक चूक होता होता राहिली. नव्याने आलेल्या तरुण डॉक्टरांनी ट्रेमधून पोटदुखीचं हायोसीन ब्यूटिलब्रोमाइड काढलं. "सर, हेही अ‍ॅसिटिलकोलीनच अडवतं ना?" अडवतं, तर्क अर्धा बरोबर होता. पण त्या रेणूतल्या नायट्रोजनवर कायमचा धन विद्युतभार आहे. तो स्निग्ध पडद्यातून जात नाही, म्हणूनच पोटाच्या कळेवर देताना गुंगी येत नाही. इथे दिलं असतं तर तोंड कोरडं पडलं असतं, नाडी वाढली असती आणि मान तशीच राहिली असती. भूल देताना वापरतात त्या ग्लायकोपायरोलेटचंही तेच. अ‍ॅट्रोपिन आत जातं, पण या कामाला ते पहिलं औषध नव्हे.

आम्ही दिलं प्रोमेथाझिन, वॉर्डातल्या भाषेत फेनर्गन. २५ मिलिग्रॅम म्हणजे १ मिलिलिटर. ते २० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून, चालू असलेल्या ड्रिपमधून, दहा मिनिटं लावून. घाई करायची नाही आणि हाताच्या मागच्या बारीक शिरेत द्यायचं नाही. शिरेबाहेर झिरपलं किंवा चुकून धमनीत गेलं तर बोटं काळी पडण्याइतकं नुकसान होतं. शीर नीट मिळत नसेल तर खोल स्नायूत द्यावं, पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात इतकंच. दोन वर्षांखालच्या मुलाला हे औषध नाही. फेनर्गन नसेल तर फेनिरामाइनचं, म्हणजे अ‍ॅव्हिलचं इंजेक्शन खेड्यातल्या बहुतेक दवाखान्यांत असतं आणि तेही उपयोगी पडतं. दोन्ही जुन्या पिढीची अ‍ॅलर्जीची औषधं. ती गुंगी आणतात, कारण मेंदूत शिरतात. नव्या पिढीचं सेटिरिझिन फार कमी शिरतं आणि अ‍ॅसिटिलकोलीन जवळजवळ अडवतच नाही, म्हणून इथे ते निरुपयोगी. ज्या गुणासाठी आपण एरवी ते निवडतो, तोच इथे आडवा येतो.

पाचव्या मिनिटाला डोळे खाली आले. आठव्या-नवव्या मिनिटाला जीभ आत गेली, मान सरळ व्हायला लागली. तिने पहिला शब्द उच्चारला तो "पाणी". आत्या रडायला लागली. इतक्या वर्षांत हे बऱ्याचदा पाहिलंय, तरी त्या मिनिटाला खोलीत काय होतं ते लिहून सांगता येत नाही. वडिलांनी दोनदा विचारलं, खरंच इंजेक्शननेच झालं होतं का. पट्टीवरचं नाव बोट ठेवून दाखवलं, तेव्हा त्यांनी मान हलवली.

उपचार इथे संपत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी इथेच सोडून देतात. मेटोक्लोप्रामाइड रक्तातून निम्मं व्हायला पाच-सहा तास लागतात, पाणी कमी असेल तर जास्त. चाळीसमधलं बरंच अजून अंगात होतं. म्हणून तिला घरी सोडलं नाही. रात्री दोनच्या सुमारास जबडा पुन्हा ओढायला लागला. तेव्हा अ‍ॅसिटिलकोलीनच अडवणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलची २ मिलिग्रॅमची गोळी दिली आणि पुढे तीन दिवस दोन वेळा चालू ठेवली. सलाईन, ओआरएस चालूच होतं. उलटीसाठी लागलंच तर ऑन्डान्सेट्रॉन. ते सेरोटोनिन या वेगळ्या निरोप्याच्या रिसेप्टरवर काम करतं, डोपामिनला हात लावत नाही.

उलटीचं आणखी एक औषध डॉम्पेरिडोन, तेही डी-२ रिसेप्टरच अडवतं. त्याचा रेणू ४२६ डाल्टनचा, म्हणजे तसा जाण्याजोगा. पण केशवाहिनीच्या पेशींत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो, तो त्याला आत आल्या आल्या पुन्हा रक्तात फेकतो. म्हणून कंपवाताच्या पेशंटला उलटीसाठी गोळी द्यायची तर सहसा डॉम्पेरिडोन देतात, मेटोक्लोप्रामाइड कधीच नाही. मात्र डॉम्पेरिडोनचं इंजेक्शन हृदयाच्या ठोक्यांवरच्या परिणामामुळे १९८०च्या दशकातच बंद झालं, आणि गोळीही हृदयाच्या पेशंटला जपूनच द्यावी. तान्ह्या बाळात ही भिंत पुरती तयार नसते, तिथे डॉम्पेरिडोनवरही विसंबू नये. चक्करेसाठी सर्रास देतात त्या प्रोक्लोरपेराझिननेही असाच पीळ येतो. मान वळलेला पेशंट आला आणि उलटीचं औषध घेतलेलं नसेल, तर चक्करेच्या गोळीबद्दल विचारायला विसरू नका.

आणि इंजेक्शन मेटोक्लोप्रामाइडचंच द्यायचं असेल तर घड्याळ बघून निदान तीन मिनिटं लावून द्या. भसकन दिलं की रक्तातलं प्रमाण एकदम चढतं आणि पेशंटला एका जागी बसवत नाही, अंगातून पळून जावंसं वाटतं. पाच दिवसांपेक्षा जास्त कोणालाही देऊ नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर आम्ही लाल शाईने इंग्रजीत लिहिलं होतं, मेटोक्लोप्रामाइड देऊ नये. वडील म्हणाले, "हे आम्हाला वाचता येत नाही, मराठीत पण लिहा की." मी मराठीत लिहिलं, खाली सिस्टरनी तेच कन्नडमध्ये लिहिलं. मुलीने मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून घेतला आणि उरलेल्या आठ गोळ्यांची पट्टी आमच्या टेबलावर ठेवून गेली.