केसपेपरवरची एक ओळ

मंगळवार, रात्री

आज परळच्या रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे आजारपणानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारांची, तारीख होती. तिथे सगळे ओटीच म्हणतात. शाळेतून अर्धी रजा घेतली आणि विक्रोळीहून धीमी लोकल पकडली. दुपारची वेळ असूनही घाटकोपरपर्यंत उभीच होते. वरची कडी मी आता धरत नाही. सीटच्या पाठीला कोपर अडकवते, पर्स खांद्यावरून आडवी घेते, छत्री हातात न धरता पिशवीत टाकते. ही शिकवण ओटीतलीच. बोटांवरचं वजन मनगटाकडे, मनगटावरचं कोपराकडे, कोपरावरचं खांद्याकडे ढकलायचं. मोठा सांधा मोकळा असताना लहान सांध्याला राबवायचं नाही.

मला आमवात आहे, गुडघ्यांची झीज नव्हे. फरक लोकांना सांगावा लागतो. झीज झालेला सांधा सकाळी उठल्यावर थोडा वेळ, फार तर अर्धा तास आखडतो आणि वापराने दुखतो. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, आणि सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा त्याहूनही जास्त टिकतो. तो बऱ्याचदा बोटांच्या मुळाशी आणि मनगटांत आधी येतो. माझंही तसंच झालं. खडू धरता येईना, तेव्हा दाखवायला गेले.

आज आधी मेणाची पेटी. वितळलेलं पॅराफिन, पन्नास अंशांच्या थोडं वर. हात बुडवायचा, बाहेर काढून थर गोठू द्यायचा, पुन्हा बुडवायचा. जाड थर चढला की वर प्लास्टिक, त्यावर टॉवेल. फार बरं वाटतं. म्हणूनच काही जणी मेण लावून घेऊन लगेच निघायला बघतात. आमच्या थेरपिस्ट मॅडम जाऊ देत नाहीत. "मेण हात मोकळा करतं, मजबूत करत नाही. मोकळा झालाय तोवर व्यायाम करा," असं त्या प्रत्येकीला सांगतात. ज्या दिवशी सांधे गरम आणि सुजलेले असतात त्या दिवशी मेण मिळतच नाही, कितीही विनवलं तरी. मला त्यांचा हा ठामपणा आवडतो. शेक घेणं म्हणजेच उपचार, असं आपल्याकडे फार पक्कं बसलंय.

मग टेबलावर तळहात पालथा ठेवून एकेक बोट अंगठ्याच्या दिशेने सरकवायचं. दिसायला काहीच नाही, पण माझ्या हातासाठी सगळ्यात मोलाचा व्यायाम हाच. सुजेमुळे बोटांच्या मुळाशी असलेले बंध सैल पडतात आणि बोटं हळूहळू करंगळीकडे कलायला लागतात. हा व्यायाम त्यांना उलट दिशेला चालवतो. मग मनगट वर-खाली, अंगठ्याचं टोक प्रत्येक बोटाच्या टोकाला, बोटं आधी आकड्यासारखी वाकवून मग पूर्ण मूठ. शेवटी पुटीचा, म्हणजे व्यायामासाठीच्या मऊ, चिकणमातीसारख्या लगद्याचा, गोळा दाबणं. पुटी वेगवेगळ्या रंगांत येते, रंगाप्रमाणे तिचा कडकपणा बदलतो. माझा रंग आज बदलला! मॅडमनी नवा डबा पुढे सरकवला तेव्हा मला वर्गात पहिली आल्याइतका आनंद झाला.

शेजारी दादरच्या फूलबाजारात गजरे करणाऱ्या मावशी होत्या. मॅडमनी त्यांना गेल्या खेपेला सांगून ठेवलं होतं, येताना काम घेऊन या. त्या पिशवीतून शेवंती, मोगरा आणि दोरा घेऊन आल्या होत्या. तिथेच सतरंजीवर बसल्या, दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधलं आणि गाठी मारायला लागल्या. मॅडम त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि नुसतं बघत राहिल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "मावशी, प्रत्येक गाठीला तुम्ही अंगठा बाहेर ढकलताय. दुखणं तिथून येतंय." दोरा पायाला न बांधता समोर उंचावर, खिळ्याला बांधून बघितला. मान सरळ झाली, अंगठ्यावरचा ताणही कमी झाला. अंगठ्याच्या मुळाला आधार देणारा, पण टोक मोकळं ठेवणारा स्प्लिंट त्यांच्यासाठी करायचं ठरलं. तो खास पत्र्याचा असतो. पत्रा प्लास्टिकचाच, गरम पाण्यात घातला की मऊ पडतो आणि रुग्णाच्या हातावरच त्याला आकार देतात.

"काम सोडा असं नाही ना सांगणार, ताई?" मावशींनी विचारलं.

"काम सुटू नये म्हणूनच तर बसलेय," मॅडम म्हणाल्या.

घरी येईपर्यंत मी याच गोष्टीचा विचार करत होते. हातांच्या व्यायामाचं इंग्लंडमधलं एक मोठं संशोधन २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. १७ रुग्णालयसंस्थांमधले आमवाताचे ४९० रुग्ण. सगळ्यांना नेहमीचे उपचार होतेच, अर्ध्यांना वर बेतून दिलेले हातांचे व्यायाम. वर्षभराने व्यायाम करणाऱ्यांच्या हातांचं काम जास्त सुधारलेलं होतं आणि दुखणं वाढलेलं नव्हतं. "दुखतंय तर हलवू नकोस" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. औषधांचा पाया हवाच, हेही सोबत सांगते. पाया न घालता पुटी दाबत बसणं घातक.

गुरुवार

आज बँकेत फार वाईट वाटलं. चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. काउंटरवरच्या माणसाने मागे रांग असताना मोठ्याने विचारलं, "मॅडम, सही तुमचीच आहे ना?" हात बदलला की सही बदलते. आजारपणाने अक्षर बदललेल्या माणसाला नवी सही नोंदवायला मान खाली घालावी लागू नये, एवढीच माझी मागणी आहे. नवी नोंदवून आले. मोठ्या, सुट्या अक्षरांत, जाड पेनने. पेनावर फोमची नळी चढवली आहे, तशीच शाळेत खडूच्या होल्डरवर आणि घरी सुरीवर. जाड मूठ धरताना बोटं कमी आवळावी लागतात.

रविवार

मेथोट्रेक्सेटचा दिवस. आमवातावरची, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून कॅलेंडरवर लाल खूण असते.

सकाळी आईंनी (सासूबाईंनी) भाकरीचं पीठ काढलं. त्यांचं म्हणणं, हात चालता ठेव, नाहीतर आखडेल. ह्यांचं म्हणणं, आराम कर. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. सूज उसळलेली असते तेव्हा जोर लावायचा नाही, पण सांधा दिवसातून थोडा तरी सगळ्या बाजूंनी हलवायचा. सूज उतरली की जोर वाढवायचा. मोजमाप साधं आहे: व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांहून जास्त टिकलं, तर पुढच्या वेळी कमी करायचं. भाकरी थापायला मला परवानगी आहे, पसरलेला तळवा चालतो. सांडशीने तवा उचलायला नाही. कपडे पिळायलाही नाही, ते निथळत वाळत घालते. झाकण बोटांनी न फिरवता तळव्याच्या टाचेने फिरवते. आई आता न सांगता तवा उतरवतात. मुलगी मात्र म्हणते, "आई, तू स्वतःच कर, मला व्हिडिओ काढायचाय." तिच्या मैत्रिणीच्या आजीलाही हाच त्रास आहे, तिला दाखवायचाय.

दुपारी थोडं वाचलं. फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेचं नाव आम्हा शिक्षकांना चांगलं माहीत आहे. त्या कमलाबाई कोण, हे मात्र मला परळला जायला लागल्यावर कळलं. मूळच्या अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. लग्न करून भारतात आल्या. १९५० साली परळच्याच केईएम रुग्णालयात देशातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं शिक्षण त्यांनीच सुरू केलं. इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर, या त्यांच्या सूनबाई. पाच वर्षांनी, १९५५ साली, हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. म्हणजे माणसाला त्याच्या कामाकडे परत नेण्याचं हे शास्त्र या शहरात किती काळ रुजलेलं आहे! तरीही निदान झाल्यावर बराच काळ माझ्या केसपेपरवर फक्त गोळ्या होत्या. सूज किती, रक्ताचे रिपोर्ट कसे, हे दर वेळी विचारलं जायचं. फळ्यावर लिहिता येतं का, वेणी घालता येते का, हे कोणी विचारलं नव्हतं. एका नव्या, तरुण डॉक्टरांनी मला फॉर्मवर सही करताना पाहिलं, पेन कशी धरली आहे ते पाहिलं, आणि गोळ्यांखाली एक ओळ लिहिली: ओटीला दाखवा. पहिल्याच दिवशी लिहायला हवी अशी ती ओळ आहे, माझं ठाम मत आहे. बोटं कलल्यानंतर स्प्लिंट आधार देतो, पण ती पुन्हा सरळ करून देत नाही.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या होत्या. त्यांच्या सुनेला आमवाताचं निदान नुकतंच झालंय. वय तिशीच्या आत, कडेवर लहान मूल. वहिनींनी तेल कोणतं लावू विचारलं. तेल लावा, पण ते पुरेसं नाही, मी म्हटलं, आणि सुनेलाच वर बोलावून घेतलं. मूल उचलताना बोटांच्या टोकांनी काखेत धरायचं नाही, दोन्ही हात कोपरापर्यंत त्याच्या खालून घालून अंगाशी घ्यायचं, हे तिला दाखवलं. दुपट्याची घडी करून आम्ही दोघींनी करूनही पाहिलं. ती म्हणाली, "काकू, हे मला कोणीच सांगितलं नाही." तिची डॉक्टरांची तारीख शुक्रवारी आहे. औषधं लिहून झाली की केसपेपर मिटायच्या आत ओटीचं विचारायचं, असं तिला कागदावर लिहून दिलंय. मी सोबत जाणार आहे. मुख्याध्यापिकांना उद्या सकाळीच रजेचं सांगते.