रविवार गेला पीसीच्या पोटात

सकाळी पीसीचं बटण दाबलं तर पंखे गरगर फिरतायत, लाईट लागलीय, पण मॉनिटरवर नो सिग्नल आणि बीपचा आवाजपण नाही. बाबा लगेच, "गेला तो, नवीन घे आता." म्हटलं थांबा हो जरा. आधी एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणारा डबा) संशय, मल्टीमीटर लावला तर पिवळ्या वायरवर 12.1 व्होल्ट आणि लालवर 5.05 (हवेत 12 आणि 5), म्हणजे सप्लाय ठणठणीत. मग दोन्ही रॅम (मेमरीच्या पट्ट्या) काढून चालू केला आणि काय सांगू, लांबलचक बीप सुरू! एवढा गोड आवाज कधी ऐकला नव्हता, कारण बीप येतोय म्हणजे मदरबोर्ड आणि प्रोसेसर जिवंत, दुखणं रॅमचंच. पुतणीच्या कंपासमधला खोडरबर ढापला, रॅमचे सोनेरी दात हलक्या हाताने घासले (काळं पडलेलं नुसतं), स्लॉटमधली धूळ ब्रशने काढली, एकेक लावून बघितली. पहिलीवर डिस्प्ले आला, दुसरी लावली की परत अंधार, ती कायमची गेली. वर तारीख दाखवतोय 2012, म्हणजे मदरबोर्डवरचा घड्याळ चालू ठेवणारा सीआर 2032 सेलपण संपलाय, 3 व्होल्टच्या जागी 2.3. तो उद्या आणतो. सध्या 4 जीबीवर रडतखडत चाललाय, आणि पुतणी खोडरबर शोधतेय.