टाइमलाइनला दहा मिनिटं, तारखांना तीन संध्याकाळी: माझा अनुभव

बाबांच्या साखरेच्या नोंदी मी ऑगस्ट २०२२ पासून मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये ठेवतोय. रोज सकाळची उपाशीपोटी, आणि आठवड्यातून दोनदा जेवणानंतरची. मागच्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "औषध बदलल्यापासून सरासरी कशी आहे?" आणि मला उत्तर देता आलं नाही. दोन वर्षांचे आकडे खिशात असून काही सांगता येत नाही, हे मला फार लागलं. पुढच्या भेटीआधी एक्सेलमध्ये असा चार्ट करायचा ठरवलं, की पट्टी ओढली की हवे तेवढेच महिने समोर यावेत.

चार्टचा भाग सोपा आहे. डेटा निवडून कंट्रोल आणि टी दाबून टेबल करायचं, त्यावरून पिव्होट टेबल (नोंदी गटांत मांडून सारांश देणारं टेबल), पिव्होट टेबलवर पिव्होट चार्ट, आणि मग इन्सर्टमधून टाइमलाइन, म्हणजे तारखांची ती ओढायची पट्टी. ही टाइमलाइन एक्सेल २०१३ पासून आहे. वर्ष, तिमाही, महिना, दिवस यांपैकी काहीही निवडून ओढता येते. उपाशीपोटी आणि जेवणानंतर असा भेद करायला बाजूला एक स्लायसर, म्हणजे हवं तेवढंच गाळून दाखवणारी बटणं. बस.

माझी टाइमलाइन मात्र येईचना. या रिपोर्टमध्ये तारखेचा एकही रकाना नाही, असा निरोप. तारखांचा रकाना डोळ्यांसमोर दिसत असताना! महिन्यांनुसार ग्रुप करायला गेलो, तर तेही नाही.

नीट पाहिल्यावर लक्षात आलं, की काही तारखा सेलच्या डाव्या कडेला होत्या, काही उजव्या. एक्सेल तारीख म्हणजे आकडा समजतं. १ जानेवारी १९०० ला १ आणि तिथून रोज एक वाढत जातो. आकडा उजवीकडे बसतो, मजकूर डावीकडे. म्हणजे डावीकडच्या माझ्या तारखा तारखा नव्हत्याच, नुसती अक्षरं होती. पहिल्या संध्याकाळी मी त्या डावीकडच्या तेवढ्या सूत्राने बदलल्या: उजवीकडची चार अक्षरं वर्ष, मधली दोन महिना, पहिली दोन दिवस, आणि तिन्ही डेट फंक्शनमध्ये. सेलमध्ये आकडा आहे का ते सांगणाऱ्या इझनंबर फंक्शनने तपासलं, सगळीकडे ट्रू, म्हणजे हो. टाइमलाइन आली, चार्ट आला. खूप बरं वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी पट्टी उजव्या टोकापर्यंत ओढली आणि डिसेंबर २०२४ चे ठिपके दिसले. माझी शेवटची नोंद १४ ऑगस्ट २०२४ ची होती. बाबांची साखर पुढच्या चार महिन्यांत कशी राहील, ते चार्ट दाखवत होता!

तिसरी संध्याकाळ याचं कारण शोधण्यात गेली, आणि ते कारण कळेपर्यंत मी अक्षरशः चिडलो होतो. ॲप तारखा आधी दिवस, मग महिना अशा देत होतं. माझ्या लॅपटॉपची सेटिंग अमेरिकी, म्हणजे आधी महिना. ॲपमधून काढलेली नोंदींची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) मी दोनदा क्लिक करून उघडली, तेव्हा १२/०८/२०२४ चा अर्थ लागला ८ डिसेंबर. १३/०८/२०२४ चा अर्थ लागेना, कारण तेरावा महिना नसतो, म्हणून ती मजकूर म्हणून पडून राहिली. जिथे संगणक अडला त्या तारखा निदान डावीकडे दिसत तरी होत्या. जिथे अडला नाही, त्या चुकीच्या असूनही शहाण्यासारख्या उजवीकडे बसल्या होत्या, आणि मी अडलेल्या दुरुस्त करून चुकलेल्या तशाच ठेवल्या.

हिशेब करून पाहा. प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस असे वाचले जातात, म्हणजे वर्षाचे १४४. त्यातले १ जानेवारी, २ फेब्रुवारी असे १२ योगायोगाने बरोबर. उरलेल्या १३२ तारखा चूक, आणि एकही सूचना नाही. ५ ऑगस्ट २०२४ चा आकडा ४५५०९ हवा, माझ्याकडे ४५४२० होता, म्हणजे ८ मे. औषध जूनमध्ये बदललं होतं. बदलानंतरची साखर बदलाआधीच्या महिन्यांत मिसळली होती, आणि तो चार्ट मी डॉक्टरांना दाखवला असता.

ओळखायची खूण सांगतो. मूळ फाइल उघडून उजवीकडच्या तारखांवर, तारखेतला दिवस काढून देणारं डे फंक्शन लावा. एकाही तारखेचा दिवस १२ च्या पुढे जात नसेल तर अदलाबदल झालेली आहे. दुसरी खूण बारीक आहे: ०८ चा शून्य गळून नुसता ८ उरलेला असतो.

इलाज एकच, सीएसव्ही दोनदा क्लिक करून उघडायची नाही. डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही, मग ट्रान्सफॉर्म डेटा. तिथे उजवीकडे चेंज्ड टाइप नावाची पायरी आपोआप लागलेली असते, ती आधी काढून टाका. मग रकान्याच्या नावावर राइट क्लिक, चेंज टाइप, यूझिंग लोकेल (लोकेल म्हणजे कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायचं ते), डेट, आणि आधी दिवस लिहिणारा देश निवडा. गूगल शीट्स वापरत असाल तर आयात करण्याआधी फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल बदला. आणि मूळ सीएसव्ही कधीही सेव्ह करू नका. मी एकदा केली होती, ॲपमधून पुन्हा काढावी लागली. ॲपने तारखा २०२४-०८-०५ अशा, वर्ष आधी लिहून दिल्या असत्या तर यातलं काहीच झालं नसतं. आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून आहे, तरी आरोग्याच्या नोंदी ठेवणारं ॲप ते पाळत नाही, याचा मला अजूनही राग आहे.

हो, एक राहिलं. पिव्होट टेबल आकड्यांची बेरीज करतं. साखरेच्या बेरजेला काही अर्थ नाही, व्हॅल्यू फील्ड सेटिंग्जमध्ये ॲव्हरेज करा. नवीन नोंदी घातल्यावर रिफ्रेश दाबल्याशिवाय चार्ट हलत नाही. दोन चार्ट एकाच पट्टीने हलवायचे असतील तर दोन्ही पिव्होट टेबलं एकाच डेटावरून केलेली हवीत, मग टाइमलाइनच्या रिपोर्ट कनेक्शन्समध्ये दोन्हींवर खूण करा.

काल रात्री लॅपटॉप बाबांसमोर ठेवला. त्यांनी स्वतः पट्टी ओढून जूनवर आणली, मग जुलै, मग ऑगस्ट. उपाशीपोटीची रेघ खाली आली होती. त्यांनी ती परत मेपर्यंत नेली, पुन्हा पुढे आणली, आणि मला विचारलं, "या तारखा आता बरोबर आहेत ना?" मी हो म्हणालो.