रिकामा रकाना

प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचा पुरुषांच्या कपड्यांचा शो मिलानमध्ये २२ जून २०२५ला झाला. तीन दिवसांनी आत्याचा कोल्हापुरातून फोन आला.

“काय गं, तुझ्या मिलानात पोरं आपलं पायताण घालून चालाय लागल्यात! बघितलो की मी फोनवर. आणि नाव काय, तर म्हणं लेदर सँडल!”

मी शोरूममध्ये होते. फॅशन वीक संपला तरी आमची गडबड संपत नाही. खरी विक्री तेव्हाच सुरू होते. जगभरचे बायर येतात, माल हातात घेतात, तळ वाकवून बघतात, नगांचे आकडे सांगतात. मी एका इटालियन फॅशन घराण्यात पादत्राणांचं मर्चंडायझिंग बघते. काय बनवायचं, किती, आणि केवढ्याला विकायचं, हे ठरवणं माझं काम. आत्याला “नंतर बोलते” म्हणाले, पण पोटात गोळा आला होता.

कारण सकाळीच साहेबांनी फर्मान काढलं होतं : गेल्या पाच वर्षांतल्या सगळ्या सँडल तपासा, आपलं काही असं निघतंय का बघा. तपासायची गरज नव्हती. २०२२च्या उन्हाळ्यात आमचीही एक होती. अंगठा, पट्टा, वेणी, सगळं कापशी या कोल्हापुरी चपलेच्या प्रकारावरून उचललेलं. डिझायनरच्या टेबलावरचा नमुना माझ्याच घरचा होता. मीच नेऊन ठेवला होता, अभिमानाने.

लाईन शीटवर, म्हणजे आमच्या मालाच्या यादीवर, कोड, चामडं, किंमत यांच्या शेजारी ‘प्रेरणा’ असा एक रकाना असतो. त्यात मी आधी ‘कोल्हापूर’ लिहिलं होतं. वकिलांनी भुवया उंचावल्या. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये जीआय, म्हणजे त्या भागात बनलेल्या मालालाच ते नाव देणारं भौगोलिक मानांकन, मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांसाठी. आमचा माल शिवला होता इटलीतल्या मार्के प्रांतातल्या कारखान्यात. भारतातलं जीआय इटलीत बंधनकारक नव्हतं, पण उगाच वाद कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी नाव खोडलं.

संध्याकाळी साहेबांपुढे ती शीट ठेवली.

“हे कोणी खोडलं?”

“मी.”

“वकिलांमुळे?”

हो म्हणून सुटता आलं असतं. पण वकिलांनी फक्त निमित्त दिलं होतं. घाऊक किमतीच्या साधारण अडीच पट दुकानातली किंमत, हे आमच्या धंद्याचं ढोबळ गणित. त्या किमतीवर कोल्हापूरचं नाव छापलं असतं, तर गिऱ्हाइकाने फोन काढून तिथला भाव बघितला असता. बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं चामडं, खिळा न मारता वादीनं शिवलेलं, आणि भाव आमच्या सँडलच्या रिकाम्या खोक्याच्या किमतीच्या आसपास. ती तुलना मला नको होती. तेवढं सांगितलं. साहेब काही बोलले नाहीत, शीटची प्रत मागून घेतली.

(पुढे काही दिवसांतच प्राडाच्या मालक कुटुंबातल्या लोरेंझो बेर्तेल्लींनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स या व्यापारी संघटनेला पत्र लिहून प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचं मान्य केलं. आमची सँडल कोणाच्या लक्षातही आली नव्हती.)

रात्री आत्याला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. ती बराच वेळ गप्प.

“चपलेचं बाजूचं कान ठेवलासा का कापलासा?”

“कापले. पायाला लागतात म्हणून.”

“लागतात व्हय,” ती म्हणाली. “आठ दिवस तेल लावायचं असतंय गं बाई.”