मॅजिकमॉकच्या होकाराला भुलू नका

पायथनमध्ये मॉकमुळे (टेस्टमध्ये खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी ठेवलेल्या नकली ऑब्जेक्टमुळे) टेस्ट फेल झाली तर ती दुरुस्त करता येते. डोकेदुखी असते ती उगाच पास होणाऱ्या टेस्टची. मॅजिकमॉक हा पायथनचा तयार मॉक कशालाच नाही म्हणत नाही. इन्ट() लावा, 1 मिळेल. लेन() लावा, 0. इफमध्ये ठेवा, ट्रू. फॉर लूपला दिला तर लूप एकदाही फिरत नाही, म्हणजे त्यातला असर्टही (निकाल तपासणारी ओळही) चालत नाही. टेस्ट मात्र हिरवी!

सगळ्यात विचित्र प्रकार ओपन()चा. सेटिंग्ज ऑब्जेक्ट मॉक केला, पण त्यातल्या फाइल पाथला स्ट्रिंग द्यायची राहिली, की ओपन()च्या हातात मॅजिकमॉक पडतो. ओपन() त्याला आकडा समजतो आणि 1 वाचतो. 1 हा स्टँडर्ड आउटपुटचा फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलचा सिस्टिमनं दिलेला नंबर. विथ ब्लॉक संपला की तोच बंद होतो, आणि 'बॅड फाइल डिस्क्रिप्टर' ही एरर भलत्याच ठिकाणी उगवते. हाच मॉक फोल्डर बनवणाऱ्या मेकडर्सला गेला तर पायथन 3.8 पासून प्रोजेक्टमध्ये चक्क मॅजिकमॉक नावाचं फोल्डर तयार होतं. ते गिटइग्नोरमध्ये (गिटनं दुर्लक्ष करायच्या फाइल्सच्या यादीत) ढकलू नका. कुठला पाथ सेट करायचा राहिलाय ते शोधा. फोल्डरच्या आत मॉकचं नावही सापडतं.

असर्टचं स्पेलिंगही तपासा. 'असर्ट_' गाळून नुसतं 'कॉल्ड_वन्स_विथ' लिहिलं तर जुन्या पायथनमध्ये काहीच तपासलं जात नाही. 3.12 मध्ये ॲट्रिब्यूटएरर येते.

मॉकला खऱ्या ऑब्जेक्टच्या साच्यात बसवणारं ऑटोस्पेक=ट्रू सवयीनं लावाच. चुकीचे आर्ग्युमेंट्स, नसलेल्या मेथड्स लगेच पकडल्या जातात. पण ऑटोस्पेक फंक्शनची सिग्नेचर (कोणते आर्ग्युमेंट्स घेतं ते) बघतो, उत्तर नाही. रिटर्न_व्हॅल्यू दिली नाही तर परत मॉकच मिळतो. शिवाय इनिटमध्ये तयार होणारे ॲट्रिब्यूट त्याला दिसत नाहीत, ते हातानं द्यावे लागतात.

मॉक लागूच होत नसेल तर पॅचचा (खऱ्याच्या जागी मॉक बसवणाऱ्या फंक्शनचा) पत्ता बघा. बिलिंग मॉड्यूलनं 'फ्रॉम गेटवे इम्पोर्ट चार्ज' केलं असेल तर पॅच 'बिलिंग.चार्ज'ला करायचा. 'गेटवे.चार्ज'ला केला तर बिलिंगकडे जुनंच फंक्शन राहतं आणि खरा कॉल जातो.

एक सहज न दिसणारी गोष्ट: मॉक आर्ग्युमेंटची कॉपी ठेवत नाही, फक्त रेफरन्स ठेवतो. कोडनं लिस्ट पाठवून नंतर क्लिअर() केली, तर कॉल_आर्ग्समध्ये (मॉकनं नोंदवलेल्या आर्ग्युमेंट्समध्ये) रिकामी लिस्ट दिसते. अशा ठिकाणी साइड_इफेक्टमध्ये (मॉक कॉल झाला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) डीपकॉपी करून ठेवा आणि असर्ट त्या कॉपीवर लावा.