काळाच्या दुखण्यावर नेम: छिए-झोंग-श-बी

चिनी लेखकाला त्याच्या लेखाबद्दल ज्या शाबासक्या मिळू शकतात, त्यांत ‘छिए-झोंग-श-बी’ ही मोठ्या मानाची. अक्षरं चार. पहिली दोन सांगतात की घाव नेमका बसला. पुढची दोन सांगतात कुठे बसला, तर त्या काळात समाजाला लागलेल्या खोडीवर. लाचखोरी, उधळपट्टी, कागदी घोडे, सत्तेजवळच्या माणसांची मुजोरी, जे काही बोकाळलेलं असेल ते. ‘जमाना बिघडला’ असं सरसकट म्हणणाऱ्याच्या वाट्याला हे कौतुक येत नाही. कितीही तावातावाने लिहिलं, तरी नुसत्या तावाला इथे किंमत नाही.

हिची एक सख्खी बहीण आहे, ‘झन-ब्येन-श-बी’, म्हणजे काळाच्या खोडीला सुई टोचणं. झन म्हणजे धातूची सुई आणि ब्येन म्हणजे दगडाची. दगडी सुई हे चिनी वैद्यकातलं अगदी जुनं हत्यार. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या प्राचीन वैद्यकग्रंथात कुठला उपचार कुठल्या दिशेकडून आला याची मांडणी आहे. पूर्वेकडचे लोक समुद्राकाठी राहतात, मासे आणि मीठ खातात, त्यांना गळवं होतात, आणि त्यावर ब्येन चालतो. म्हणून ब्येन पूर्वेकडून आला, असं तिथे म्हटलंय. म्हणजे तिचं काम सरळ होतं: पिकलेलं गळू फोडून पू बाहेर काढणं. इनर मंगोलियातल्या दुओलुन भागात 1963 साली नवाश्मयुगीन वस्तीच्या जागी अशी एक सुई सापडली. लांबी जेमतेम 4.5 सेंटीमीटर. एक टोक अणकुचीदार, दुसरं चपटं आणि धारेचं. एकाने टोचायचं, दुसऱ्याने चिरायचं.

हत्यार लहान असलं तरी ते केव्हा वापरायचं याला नियम होता. हान फेइ या प्राचीन विचारवंताच्या ग्रंथात ब्येन छ्वे या वैद्याची कथा येते. तो त्साय देशाच्या ह्वान राजाला बघून सांगतो की रोग कातडीत आहे. राजा हसण्यावारी नेतो. दहा दिवसांनी वैद्य पुन्हा येतो, तेव्हा रोग मांसात. आणखी दहा दिवसांनी आतड्यात. त्यानंतरच्या खेपेला राजाला लांबूनच पाहून तो मागच्या मागे पळ काढतो, आणि विचारल्यावर कारण सांगतो: कातडीतल्या रोगाला गरम शेक पुरतो, मांसातल्याला सुई आणि दगड लागतात, आतड्यातल्याला काढा, पण मज्जेत शिरलेल्या रोगावर इलाज नाही. सुईला जागा आहे ती फक्त दुसऱ्या टप्प्यावर. आधी टोचलं तर उगाच, नंतर टोचलं तर फुकट. टीकेच्या बाबतीतही चिनी वाचक हीच वेळ बघतो.

आता नेम लागणं आणि हुकणं यातला फरक एका खऱ्या प्रकरणातच बघू. तांग काळात आठव्या शतकाच्या अखेरीस राजधानी छांगआनमध्ये ‘गोंग-श’ नावाचा प्रकार माजला होता. राजवाड्याला लागणारा माल बाजारातून विकत घ्यायचा, एवढंच त्याचं अधिकृत रूप. पूर्वी हे काम अधिकाऱ्यांकडे असे, पुढे ते खोजांच्या हातात गेलं. पूर्व आणि पश्चिम बाजारांत आणि गजबजलेल्या वस्त्यांत त्यांची शेकडो माणसं फिरत. मालावर नजर ठेवायची, ‘गोंग-श’ एवढा शब्द उच्चारायचा आणि माल उचलायचा. कागदपत्र नाही, भाव नाही. तांग काळातला लेखक हान यू याने लिहून ठेवलेल्या दरबारी वृत्तांतात हिशेब स्पष्ट आहे: शंभर नाण्यांच्या मोलाच्या वस्तू देऊन हजारो नाण्यांचा माल न्यायचा. मोबदला म्हणून जुने कपडे आणि खराब झालेलं रेशीम लाल-जांभळं रंगवून, फूट-इंचात फाडून हातावर ठेवत. त्यावर वेशीवरचं शुल्क वेगळं, आणि माल वाड्यापर्यंत पोचवायचा खर्चही विकणाऱ्यानेच सोसायचा.

त्याच वृत्तांतात एका शेतकऱ्याची हकीकत आहे. गाढवावर सरपण लादून तो शहरात आला. खोजाने ते ‘गोंग-श’ म्हणून घेतलं, काही फूट रेशीम दिलं, वेशीचं शुल्क मागितलं, वर गाढव वाड्यापर्यंत आण म्हणाला. शेतकरी रडला, मिळालेलं रेशीमही परत देऊ लागला. तरी गाढव हवंच. तेव्हा तो म्हणाला की घरी आईबाप, बायकापोरं याच्यावर जेवतात. सरपण फुकट देतोय तरी तुझं पोट भरत नाही, तर आता मरण्यावाचून मला वाट नाही. आणि त्याने खोजाला बदडून काढलं. प्रकरण बादशहा देझोंगकडे गेलं. त्याने त्या खोजाला काढून टाकलं आणि शेतकऱ्याला दहा ठाणं रेशीम दिलं. गोंग-श मात्र होता तसाच चालू राहिला.

नेम हुकतो तो असा. एक माणूस सापडला, त्याला शिक्षा झाली, सगळ्यांना बरं वाटलं, आणि पद्धतीला धक्काही लागला नाही. दरबारातल्या टीकाकार अधिकाऱ्यांनी अनेक वेळा अर्ज केले, ते ऐकले गेले नाहीत. श्युझोऊचा सुभेदार झांग ज्येनफंग याने दरबारात येऊन सगळं सविस्तर मांडलं, तेव्हा बादशहाला ते बरंचसं पटलं. मग त्याने खजिन्याचा अधिकारी सू ब्येन याला विचारलं. खोजांची मर्जी सांभाळणारा सू ब्येन म्हणाला की राजधानीत जमीनजुमला नसलेली दहा हजार घरं आहेत, ती या गोंग-शवर जगतात. खलास! त्यानंतर कुणाचंच ऐकलं गेलं नाही. ‘गोरगरिबांचा रोजगार जाईल’ या ढालीला उत्तर तयार नसेल, तर आधी दिलेले सगळे तपशील वाया जातात. अखेर 805 मध्ये शुनझोंग गादीवर आला तेव्हा गोंग-श बंद झाला.

कवी बाय ज्यूयीने 809 मध्ये पन्नास कवितांचा एक संच लिहिला, त्यातली कोळसा विकणाऱ्या म्हाताऱ्याची कविता याच गोंग-शवर आहे. तेव्हा तो दरबारात राजाच्या चुका दाखवण्याच्या पदावर होता, म्हणजे टीका हे त्याचं पगारी काम होतं. संचाच्या प्रस्तावनेत त्याने आपली पद्धत चार कलमांत सांगितली आहे. शब्द साधे आणि सरळ, म्हणजे वाचणाऱ्याला चटकन कळेल. बोलणं थेट आणि नेमकं, म्हणजे ऐकणारा सावध होईल. इथे त्याने वापरलेलं अक्षर ‘छिए’च आहे. घटना तपासलेली आणि खरी, म्हणजे पुढे सांगणाऱ्याला विश्वासाने सांगता येईल. आणि रचना ओघवती, म्हणजे गाता येईल. माझ्या मते यातलं तिसरं कलम सगळ्यात अवघड, आणि आजही लिहिणारे सगळ्यात जास्त तेच गाळतात.

कवितेत ही कलमं कशी उतरली ते पाहा. म्हाताऱ्याच्या अंगावर पातळ कपडे आहेत, तरी कोळशाचा भाव पडू नये म्हणून तो थंडी वाढावी अशी इच्छा करतो. रात्री फूटभर बर्फ पडतं. गाडीत हजाराहून जास्त जिन कोळसा, म्हणजे सहाशे किलोच्या वर. वाड्याचे दोन स्वार येतात, हुकूम वाचल्यासारखं करतात, गाडी उत्तरेला वाड्याकडे वळवतात. मोबदला: अर्धं ठाण लाल जाळीदार रेशीम आणि दहा फूट दुसरं रेशीम, बैलाच्या डोक्याला बांधून. कविता तिथेच संपते. ‘हाय हाय’ नाही, निषेध नाही. आकडे आणि वस्तू. तांग काळात रेशीम चलनासारखं चालायचं, त्यामुळे रेशमात पैसे देणं ही लबाडी नव्हतीच. लबाडी मापात आणि प्रतीत होती, म्हणून कवीने माप सांगितलं.

एक खोच मात्र आहे. गोंग-श बंद होऊन चार वर्षं झाल्यावर ही कविता आली. काटेकोर बोलायचं तर तेव्हा ते ‘त्या काळचं’ दुखणं उरलं नव्हतं. तरी खोजांची सत्ता शाबूत होती, आणि तिच्याकडे बघून लिहिलं असं मानलं तर कवितेला हे बिरुद देता येतं. मी देईन, पण जरा हात राखून.

मिंग काळातला अधिकारी हाय रुई याला हे बिरुद देताना कुणी अडखळणार नाही. त्याने जियाजिंग बादशहालाच अर्ज लिहिला, आणि त्यात लोकांच्या तोंडचा शब्दखेळ जसाच्या तसा घातला: ‘जियाजिंग’ म्हणजे घरोघरी सगळं साफ, पैसा शिल्लक नाही. आधी शवपेटी घेऊन ठेवली होती. तुरुंगात गेला, आणि 1567 च्या आरंभी बादशहा वारल्यावर सुटला.

विसाव्या शतकात छोट्या टोकदार लेखांचं हे काम लेखक लू शूनने केलं. 1925 मध्ये अशा लेखांच्या संग्रहाला प्रस्तावना लिहिताना त्याने म्हटलं की काळाच्या खोडीवरचा लेख, गळू पिकवणाऱ्या पांढऱ्या पेशींसारखा, त्या खोडीबरोबरच संपला पाहिजे. तो टिकला तर रोगजंतू अजून आत आहेत असा अर्थ. वैद्यक शिकता शिकता सोडून दिलेल्या माणसाचं हे वाक्य आहे, आणि त्यातही गळूच आहे.

वापरताना होणाऱ्या चुका आता. ‘झोंग’ इथे चौथ्या सुरात, खाली आपटून म्हणायचा. पहिल्या सुरात म्हटला तर अर्थ ‘मध्य’ होतो. ‘बी’ लिहिताना वर गवताचा भाग असलेलं अक्षर लिहिलं तर ‘झाकणं’ असा अर्थ निघतो. उच्चार एकच, म्हणून फसगत. ‘ब्येन’ला डावीकडे दगडाचा भाग हवा. तिथे शिंपल्याचा भाग लिहिला तर ते ‘हिणवणं’ होतं, आणि ही चूक शिकलेल्या चिनी माणसाकडूनही होते.

‘छिए-झोंग’मध्ये परिणाम आधीच आलेला आहे, त्यामुळे ‘मी छिए-झोंग-श-बी करायला निघालोय’ असं बोलता येत नाही. त्या जागी ‘झन-ब्येन’ चालतं, कारण ती कृती आहे. शिवाय पुढे आणखी कर्म जोडायचं नाही, खोड आधीच आत आहे. आपल्याच लेखाला हे लावलं तर हसं होतं. सहकारी रोज उशिरा येतो किंवा सिनेमाचा शेवट फसलाय, अशा खासगी किंवा एकट्यादुकट्या दोषाला ते लागू पडत नाही. तिथे ‘छिए-झोंग-याओ-हाय’ म्हणावं, म्हणजे वर्मावर बोट ठेवलं. थोडक्यात आणि झोंबेल असं बोलणाऱ्याला ‘यी-झन-ज्येन-श्वे’, एका टोचणीत रक्त; विषय कुठलाही चालेल. आणि लेख लांबलचक होऊनही दुखणं जागच्या जागी राहिलं, तर त्यासाठी ‘ग-शुए-साओ-यांग’ आहे: बुटावरून खाजवणं.