किकापू खोऱ्यातील हरणाची शिकार : वास, वारा आणि उतार

विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्य भागातील किकापू नदीचे खोरे मॅडिसनहून गाडीने साधारण दोन तासांवर आहे. हिमयुगातील हिमनद्यांनी हा टापू रगडला नाही, त्यामुळे आसपासच्या सपाट मुलखात न आढळणाऱ्या टेकड्या, सोंडा आणि घळी येथे शाबूत राहिल्या. ला फार्ज गावाजवळचे किकापू व्हॅली रिझर्व्ह हे सुमारे ८,६०० एकरांचे सार्वजनिक जंगल मुळात १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून धरणासाठी लोकांना उठवून घेतलेली जमीन आहे. धरणाचे काम १९७५ मध्ये थांबले ते थांबलेच, आणि आता राज्य सरकार व हो-चंक नेशन हे येथील मूळ रहिवासी अमेरिकन आदिवासींचे राष्ट्र मिळून या जंगलाचा कारभार पाहतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माज ऐन भरात असताना, आमच्या शेजारच्या एका जुन्या शिकाऱ्याबरोबर क्रॉसबो, म्हणजे घोडा ओढून बाण सोडायचे आडवे धनुष्य, घेऊन मी तेथे गेलो होतो. क्रॉसबोने शिकार करायची तर हरीण वीस-पंचवीस मीटरपर्यंत येऊ द्यावे लागते, आणि एवढ्या अंतरावर माणसाचा वास हाच सर्वांत मोठा अडसर ठरतो. हरणाला काही हललेले दिसले तर ते थांबून, मान खालीवर करून खात्री करून घेते. वास लागला तर खात्री करण्याच्या भानगडीत पडत नाही.

तयारी घरापासून सुरू होते, आणि मराठी घरात ती जरा अधिक करावी लागते. थंडीत दारे-खिडक्या बंद असतात, त्यामुळे फोडणीचा, हिंगाचा आणि उदबत्तीचा वास खुंटीवरच्या जाकिटात मुरतो. आपल्याला तो जाणवत नाही, पण बाहेरच्या माणसालाही दारातच जाणवतो, मग हरणाचे काय सांगावे. शिकारीचे कपडे घरात टांगू नयेत. सुगंध नसलेल्या आणि पांढरेपणा वाढवणारी द्रव्ये नसलेल्या साबणाने ते धुवावेत, बाहेर वाऱ्यावर वाळवावेत आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवावेत. ती द्रव्ये टाळण्याचे कारण वासाशी संबंधित नाही: हरणाला निळा आणि अतिनील प्रकाश आपल्यापेक्षा चांगला दिसतो, आणि त्या द्रव्यांमुळे कपडा पहाटेच्या अंधूक उजेडात त्याच्या डोळ्यांना उजळ भासू शकतो. बंदुकीच्या हंगामात शिकारी घालतात तो भडक केशरी रंग मात्र त्याला वेगळा उठून दिसत नाही. डोक्याला तेल, अंगाला अत्तर किंवा सुगंधी साबण आदल्या दिवसापासून बंद ठेवावा. पेट्रोलही आदल्या दिवशीच भरून घ्यावे आणि रबरी बूट गाडी लावल्यावर, जंगलाच्या तोंडाशीच पायांत घालावेत, कारण चामडे वास धरून ठेवते आणि रबर तुलनेने कमी धरते.

दुकानांत या कामासाठी फवारे, ओझोनची यंत्रे आणि कार्बनचे अस्तर असलेले महागडे कपडे मिळतात. सक्रिय कार्बन वास शोषतो हे खरे आहे. पण तो भरला की पूर्णपणे मोकळा करण्यासाठी कारखान्यात कित्येक शे अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि घरातील कपडे वाळवण्याचे यंत्र त्याच्या जवळपासही जात नाही. ओझोन फुप्फुसांना घातक असतो, त्यामुळे ते यंत्र गाडीत सुरू ठेवून प्रवास करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. माझ्या मते हा खर्च टाळून तेवढे पैसे मचाणावरून पडू नये म्हणून बांधायच्या चांगल्या सुरक्षापट्ट्यावर घालावेत. माणूस श्वास घेतो, त्याची त्वचा झडते, घामावर जीवाणू काम करत राहतात. धुण्यापुसण्याने वास कमी होतो, नाहीसा होत नाही. उरलेला वास कोणत्या दिशेला जाऊ द्यायचा, हे ठरवणे मात्र आपल्या हातात असते.

किकापूसारख्या डोंगराळ मुलखात ते केवळ हवामानाच्या अंदाजावरून ठरवता येत नाही. अंदाजात वायव्येचा वारा सांगितलेला असतो आणि घळीत उभे राहिल्यावर तोच वारा कधी पाठीवर तर कधी तोंडावर येतो. रात्री थंड झालेली जड हवा उतारावरून ओढ्याकडे पाण्यासारखी वाहत जाते. सूर्य वर येऊन उतार तापला की ती वर चढू लागते, आणि संध्याकाळी पुन्हा खाली उतरते. मधल्या काळात, म्हणजे उन्हे उतारावर आल्यापासून तास-दीड तास, हवा घुटमळते आणि तेव्हा कोणताच आडाखा धड चालत नाही. आभाळ भरलेले असेल तर हा चढउतार मंदावतो, आणि वारा जोराचा असेल तर तो त्याला दाबून टाकतो.

हरणे याचा पुरेपूर उपयोग करतात. वायव्येचा वारा असताना ती बहुधा आग्नेयेकडच्या उतारावर, माथ्यापासून थोडे खाली बसतात: पाठीमागचा वास माथ्यावरून वाऱ्याबरोबर येतो, खालचा वास तापलेल्या हवेबरोबर चढून येतो आणि समोरची दरी डोळ्यांनी दिसते. अशा हरणाकडे सकाळी नऊ वाजता दरीतून चढत जाणे म्हणजे आपण येत असल्याची वर्दी आधी पाठवण्यासारखे आहे. म्हणून आम्ही उजाडण्याच्या बऱ्याच आधी, हवा खाली उतरत असतानाच, ओढ्याच्या बाजूने चढलो आणि सोंडेवर, हरणांच्या पायवाटेपेक्षा थोड्या उंचीवर मचाण बांधले, म्हणजे ऊन पडल्यावर आमचा वास वाटेवरून वर आणि माथ्यापलीकडे जावा. चढताना अंगात एकच पातळ थर ठेवावा, जाड कपडे पाठपिशवीत न्यावेत आणि घाम येण्याइतक्या वेगाने चालू नये; शून्याच्या आसपासच्या थंडीत हे सुरुवातीला नकोसे वाटते.

हवा पाहण्यासाठी पुडीतील भुकटीपेक्षा मिल्कवीडची म्हातारी उत्तम. ही झाडे आपल्या रुईच्याच कुळातील असून शेताच्या बांधावर उभी असतात, आणि शरद ऋतूत त्यांची बोंडे फुटतात. बी काढून एकेक म्हातारी सोडली की ती पन्नास-साठ मीटरपर्यंत डोळ्यांनी दिसत राहते. सोंडेवरून सोडलेली एक म्हातारी आधी खाली गेली, ओढ्यावर थबकली आणि वळून आमच्या डावीकडून सावकाश वर चढली. भुकटीने फक्त पहिला तुकडा दाखवला असता.

दुपारी उशिरा ओढ्याकाठच्या मचाणावर असताना एक मादी दोन पाडसांसह आमच्या येण्याच्या वाटेवर आली. जमिनीवरच्या बुटांच्या मागावरून ती न थांबता गेली, पण येताना आमच्या मांडीला घासलेल्या रासबेरीच्या फांदीपाशी थांबली. तिने नाक फांदीला जवळजवळ टेकवून पान हुंगले, नाक चाटून पुन्हा हुंगले, पुढचा खूर दोनदा आपटला आणि जोरात फुरफुरून, शेपटी उभी करून ती निघून गेली. त्यानंतर त्या घळीत अंधार पडेपर्यंत काहीही हलले नाही. वाटेवरच्या फांद्या हाताने बाजूला सारू नयेत, कमरेइतक्या झुडपांतून जाणे टाळावे आणि जमल्यास ओढ्याच्या पात्रातून चालावे, हे शेजाऱ्यांनी सांगितलेच होते. त्याचे कारण त्या फांदीपाशी दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सोंडेवर एक तरुण नर माद्यांचा माग काढत, आमच्या वासाच्या झोताच्या खालून आला आणि अठरा मीटरवर मिळाला.

माणसाचा वास झाकण्यासाठी किंवा नराला ओढण्यासाठी विकले जाणारे हरणाचे मूत्र वापरू नये. हरणांचा क्षयकारी रोग, म्हणजे सीडब्ल्यूडी, विस्कॉन्सिनमध्ये प्रथम २००२ साली आढळला. त्याची विकृत प्रथिने लाळ आणि मूत्रातूनही पसरतात आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात. याच भागात हा रोग सर्वाधिक असल्याने मारलेल्या हरणाचे डोके तपासणीसाठी द्यावे, ही तपासणी मोफत होते, आणि अहवाल येईपर्यंत मांस वेगळे गोठवून ठेवावे. हरीण हाती लागल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत त्याची नोंदणी करावी लागते. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो झाला नसेल तर अनुभवी शिकाऱ्याच्या हाताच्या अंतरावर राहून शिकार करण्याची सोय आहे. भारतातून पाहुणे म्हणून येणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की येथील परवान्याचा तेथे काही उपयोग नाही: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार भारतात हरणाची शिकार हा गुन्हा आहे. मात्र बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर प्राणीगणनेसाठी बसणाऱ्यांना अत्तराविषयीचे, कपड्यांविषयीचे आणि हवेच्या चढउताराविषयीचे वरील सर्व काही जसेच्या तसे लागू पडेल. फक्त मे महिन्यात दगड रात्री उशिरापर्यंत तापलेले राहतात, त्यामुळे हवा खाली उतरायला अधिक वेळ लागतो हे धरून जागा निवडावी.